पाच दिवसांत पाणी घटतं आणि मग एका आकड्यावर अडतं: साबातिए रिॲक्टरचा दोष कसा सापडला

आमचा साबातिए रिॲक्टर निकेलच्या कॅटॅलिस्टवर, म्हणजे उत्प्रेरकावर, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून मिथेन आणि पाणी करतो. आधी लक्षण सांगते. नवा कॅटॅलिस्ट भरला की पहिल्या दिवशी ताशी ८.९ ग्रॅम पाणी मिळायचं. दुसऱ्या दिवशी ८.४, तिसऱ्या दिवशी ७.८, चौथ्या दिवशी ७.२, पाचव्या दिवशी ६.९. आणि मग तिथेच थांबायचं. सहाव्या, आठव्या, दहाव्या दिवशीही ६.९. कॅटॅलिस्ट बदलला की पुन्हा ८.९, आणि पाच दिवसांत पुन्हा ६.९. असं तीनदा झालं. तिन्ही वेळा आम्ही कॅटॅलिस्टलाच दोष दिला, आणि तिन्ही वेळा चुकलो. असाच रिॲक्टर चालवणारा कुणी याच फेऱ्यात अडकला असेल तर त्याचे तीन महिने आणि दीडशे ग्रॅम निकेल-ॲल्युमिना (ॲल्युमिनावर बसवलेलं निकेल, हाच आमचा कॅटॅलिस्ट) वाचावं म्हणून हे सगळं लिहिते आहे.

आमची प्रयोगशाळा बडोद्याला, मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत आहे. छोटी जागा, दोन फ्युम हूड (वायू ओढून बाहेर टाकणारी कपाटं), एक उभी ट्यूब फर्नेस. काम कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन पाण्याच्या रूपात बाहेर काढायचं. 'कार्बन डायऑक्साइडचं पाणी' म्हटलं की लोकांना वाटतं, धुरातून पिण्याचं पाणी निघणार. तसं नाही. कार्बन डायऑक्साइडमध्ये हायड्रोजन मुळीच नसतो, तो आपल्यालाच द्यावा लागतो. हिशेब असा: ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ८ ग्रॅम हायड्रोजन घेतले की १६ ग्रॅम मिथेन आणि ३६ ग्रॅम पाणी मिळतं. तो ८ ग्रॅम हायड्रोजन पाण्याचं विघटन करून काढला तर ७२ ग्रॅम पाणी खर्च होतं. म्हणजे ७२ घालायचे आणि ३६ परत घ्यायचे. जमिनीवर पाण्यासाठी हा उद्योग कुणी करू नये. अंतराळात मात्र गोष्ट वेगळी. तिथे माणसाला श्वासाला ऑक्सिजन लागतो म्हणून पाण्याचं विघटन करावंच लागतं, हायड्रोजन आपोआप उरतो, आणि माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून सोडतो. या दोन नकोशा वायूंतून निम्मं पाणी परत मिळत असेल तर ते सोन्याच्या मोलाचं. म्हणून २०१० साली डिस्कव्हरी शटलच्या एसटीएस-१३१ मोहिमेतून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर साबातिए यंत्रणा नेली गेली. तिथे पाणी ठेवून घ्यायचे आणि मिथेन बाहेर सोडून द्यायचे.

अभिक्रिया जुनीच आहे. फ्रान्समधल्या तुलूझचे पॉल साबातिए आणि त्यांचे सहकारी सांदेरां यांनी १९०२ च्या सुमारास बारीक निकेलवर ती करून दाखवली. साबातिएंना १९१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, व्हिक्टर ग्रिन्यार यांच्याबरोबर विभागून.

आता आमची मांडणी, कारण दोष त्या मांडणीतच होता. स्टेनलेस स्टीलची (एसएस ३१६) उभी नळी, आतला व्यास २२ मिलिमीटर. मध्ये क्वार्ट्झ वूलवर ४० ग्रॅम निकेल-ॲल्युमिनाच्या गोळ्या, थर साधारण १२ सेंटिमीटर. गॅस वरून खाली जातो. कार्बन डायऑक्साइड मिनिटाला १०० मिलीलिटर, हायड्रोजन ४००. फर्नेस ३२० अंशांवर. खालून निघालेला गॅस कंडेन्सरमधून काचेच्या भांड्यात येतो. ते भांडं बर्फात बसवलेलं. भांड्याच्या झाकणातून एक नळी आत उतरते आणि दुसरी हूडकडे जाते. दर तासाला भांडं वजन करायचं आणि रजिस्टरला आकडा लिहायचा.

१०० मिलीलिटर कार्बन डायऑक्साइड म्हणजे मिनिटाला ४.४६ मिलिमोल. एकाचे दोन पाणी, म्हणजे ८.९२ मिलिमोल. सगळंच्या सगळं बदललं तर ताशी ९.६ ग्रॅम पाणी. आमचे ८.९ म्हणजे ९२ टक्के. ६.९ म्हणजे ७२ टक्के. हा ७२ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्यानेच वाट दाखवली.

पहिला संशय आम्ही कंडेन्सरवर घेतला. मे महिना होता, बडोद्याचं ऊन, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देईल इतकं तापलेलं. कंडेन्सरला तेच पाणी दिलेलं असेल आणि गॅस ३५ अंशांवर बाहेर पडत असेल, तर त्या गॅसबरोबर ताशी साधारण ०.४ ग्रॅम वाफ निसटते. बर्फाच्या पाण्यात पाच अंशांवर आणला तर हीच चोरी ०.०६ ग्रॅमवर येते. आम्ही बर्फ वाढवला, आणि पाण्याचा आकडा दोन-तीन दशांश सुधारला. दोन ग्रॅमची तूट त्याने भरून निघण्यासारखी नव्हती. पण कुणाला वर्षभर नळाच्याच पाण्यावर कंडेन्सर चालवायचा असेल तर उन्हाळ्यातली ही घट आधी वजा करावी, नाहीतर मे-जूनमध्ये कॅटॅलिस्ट उगाच बदनाम होतो.

दुसरा संशय गंधकावर. निकेलला गंधकाचं वावडं आहे. गॅसमध्ये दशलक्षात एक-दोन भाग हायड्रोजन सल्फाइड असला तरी तो निकेलच्या पृष्ठभागावर घट्ट बसतो आणि आमच्या तापमानाला सहज सुटत नाही. बाजारातला औद्योगिक कार्बन डायऑक्साइड बरेचदा डिस्टिलरीच्या आंबवणीतून किंवा अमोनिया प्लांटमधून आलेला असतो, त्यामुळे संशय रास्त होता. आम्ही सिलिंडर बदलला, अन्न-दर्जाचा आणला, आधी झिंक ऑक्साइडची नळीही जोडली. फरक शून्य. इथे एक सांगायला हवं: आम्ही ती नळी खोलीच्या तापमानाला ठेवली होती. साधं झिंक ऑक्साइड ३०० ते ४०० अंशांना पोटभर गंधक खातं, गार असताना त्याची भूक फारच कमी. त्यामुळे आमच्या त्या प्रयोगातून गंधक नसल्याची खात्री झाली असं मी म्हणणार नाही. खात्री नंतर झाली, ती वेगळ्याच रस्त्याने.

तो रस्ता काकांनी दाखवला. माझे काका दांडिया बाजारात राहतात. आयुष्य अमोनिया प्लांटमध्ये गेलं. त्यांच्या मेथनेटरमध्ये हीच अभिक्रिया चालायची, पण हेतू अगदी उलटा. पाण्याशी किंवा मिथेनशी त्यांना घेणं नव्हतं. कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड यांचा उरलासुरला अंश काढून टाकायचा, कारण तो पुढच्या लोखंडी कॅटॅलिस्टला मारतो. तिथे एक टक्का कार्बन डायऑक्साइड आत शिरला तर थराचं तापमान सुमारे ६० अंशांनी चढतं, आणि एक टक्का मोनॉक्साइडला सुमारे ७४ अंशांनी. हे आकडे प्लांटमधल्या प्रत्येक शिफ्ट इंजिनिअरला पाठ असतात. आमच्या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड वीस टक्के आहे हे ऐकून काका जेवता जेवता थांबले.

"अगं, मग आतलं तापमान किती?"

"३२०."

"ते फर्नेसचं झालं. थरात किती?"

थरात किती, हे आम्हाला माहीतच नव्हतं. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, नळीच्या बाहेर टेकवलेला होता.

"आधी प्रोफाइल काढ," काका म्हणाले. "कॅटॅलिस्ट मेला की झोपला, ते तापमानाची रेघ सांगते. पाण्याच्या वजनावरून ते कळायचं नाही."

पुढच्या भरण्याला नळीच्या मधोमध ३ मिलिमीटरची बंद तोंडाची बारीक नळी उभी ठेवली आणि तिच्यात थर्मोकपल वरखाली सरकेल असं केलं. दर सेंटिमीटरला थांबायचं, तीन मिनिटं थांबून आकडा घ्यायचा. खर्च फारसा नाही, आणि माझ्या मते साबातिए रिॲक्टर याशिवाय चालवूच नये. पहिल्या दिवशीची रेघ अशी: वरच्या टोकाला ३४०, एका सेंटिमीटरवर ४१०, दोनवर ४६०, तीनवर ४८०, चारवर ४५०, सहावर ३८०, आठवर ३४०, आणि बारावर ३२०. म्हणजे बाहेर ३२० दिसत असताना आत तीन सेंटिमीटरवर ४८० चा चटका होता.

यात नवल नाही. अभिक्रियेत दर मोलला १६५ किलोज्यूल उष्णता सुटते. आमच्या १०० मिलीलिटरला साधारण १२ वॅट. घरातल्या एलईडी दिव्याएवढे हे १२ वॅट, पण सगळे थराच्या वरच्या तीन-चार सेंटिमीटरात सुटतात, आणि गोळ्यांच्या थरातून भिंतीपर्यंत उष्णता फार संथ जाते. आतल्या गोळ्या तापणारच.

आता समतोलाकडे या. ही अभिक्रिया उष्णता सोडते, म्हणून तापमान चढेल तशी तिची मर्यादा उतरते. एका वातावरण दाबाला आणि चार हायड्रोजनास एक कार्बन डायऑक्साइड या प्रमाणाला ३०० अंशांवर सुमारे ९५ टक्के रूपांतर शक्य आहे, ४०० वर सुमारे ८५, आणि ४८० वर सुमारे ७२. चांगला कॅटॅलिस्ट टाकला म्हणून ही मर्यादा ओलांडता येत नाही.

७२! आमचं पाणी ज्या आकड्यावर येऊन अडत होतं, तोच.

हे दिसल्यावर सगळा विचार उलटा करावा लागला. या रिॲक्टरमध्ये दोन वेगळे भाग काम करतात. वरचा भाग तापतो, वेगाने काम करतो आणि ४८० अंशांच्या मर्यादेपाशी, म्हणजे ७२ टक्क्यांवर थांबतो. मग गॅस खाली उतरता उतरता निवतो, मर्यादा सैल होते, आणि खालचा थंड भाग उरलेले वीस टक्के पूर्ण करतो. खालचा भाग मेला तर वरचा कितीही धडधाकट असो, पाणी ६.९ वरच राहणार. वरचा भाग मेला असता तर काय झालं असतं? चटका दर दिवशी खाली सरकला असता. गंधक नेमकं तेच करतं: पहिल्या गोळ्या आधी मारतं, मग पुढच्या, मग त्यापुढच्या, आणि चटक्याची जागा रोज मिलिमीटर-मिलिमीटर खाली जाते. शिवाय गंधक ७२ वर येऊन थांबत नाही, शून्याकडे जात राहतं. आमचा चटका पाचव्या दिवशीही तीन सेंटिमीटरवरच होता. बदल झाला होता तो खाली. सहा ते बारा सेंटिमीटरमधला उतार आधीपेक्षा अधिक उभा झालेला, म्हणजे त्या भागात आता उष्णता सुटतच नव्हती.

इथे गंधक निर्दोष सुटलं. पण खालचा भाग मरतो कशाने? गॅस तर वरून येतो. विष वरून येतं. खालच्या गोळ्यांना वरच्यांनी जपायला हवं.

रजिस्टर पुन्हा वाचताना एक गोष्ट दिसली. मधल्या काळात एकदा परीक्षणासाठी रिॲक्टर सलग पाच दिवस रात्रंदिवस चालवला होता. त्या पाच दिवसांत पाणी ८.९ वरून ८.८ वर आलं होतं, बस्स. १२० तास. आणि रोज आठ तास चालवून संध्याकाळी बंद केला की चाळीस तासांत ६.९. म्हणजे कॅटॅलिस्ट तासांनी थकत नव्हता, बंद करण्याच्या खेपांनी थकत होता. ही कसोटी फुकटची आहे आणि पहिल्याच आठवड्यात करायला हवी होती. घट तासांबरोबर चालते की खेपांबरोबर? तासांबरोबर चालली तर गॅसमधलं विष किंवा जास्त तापमानाने होणारं निकेलचं गोळा होणं शोधा. खेपांबरोबर चालली तर तुम्ही रिॲक्टर बंद कसा करता ते बघा.

आम्ही बघायला बसलो. संध्याकाळी सहाला फर्नेस बंद, दोन्ही गॅसचे व्हॉल्व्ह बंद, दिवे बंद, घरी. आजवर कुणी त्यानंतर थांबलंच नव्हतं. त्या दिवशी ऑपरेटर आणि मी खुर्च्या ओढून बसलो. पंधरा-वीस मिनिटं काही नाही. मग भांड्यातून बारीक घळघळ आवाज आला. टॉर्च मारला. भांड्यात उतरणाऱ्या नळीचं टोक दिवसभर जमलेल्या पाण्यात बुडालेलं होतं, आणि त्या नळीतून पाणी वर चढत होतं. पारदर्शक नळीत ते स्पष्ट दिसत होतं: बोटभर वर चढायचं, थांबायचं, पुन्हा चढायचं. कंडेन्सर ओलांडून ते रिॲक्टरच्या तळाशी पोचलं तेव्हा चर्र असा आवाज झाला, वाफेने पाणी मागे ढकललं, आणि दोन मिनिटांनी पुन्हा तेच.

"बेन, पाणी पाछुं जाय छे," ऑपरेटर म्हणाले. दिवसभर मोजून काढलेलं पाणी रात्री रिॲक्टर परत पीत होता.

कारण साधं आहे, आणि आकड्यात मांडलं की अंगावर येतं. पूर्ण रूपांतर झालेल्या गॅसमध्ये एक भाग मिथेन आणि दोन भाग वाफ असते. गॅस बंद केला की नळीत तोच कोंडला जातो. गार होताना वाफेचं पाणी होतं, म्हणजे तीनातले दोन भाग गेले. उरलेला मिथेन ३२० वरून खोलीच्या तापमानाला येताना आक्रसून निम्मा होतो. एकूण सहातला एक भाग उरतो. बाकीचे पाच भाग कुठून तरी भरून निघणारच. उघडा रस्ता एकच होता, भांड्याचा. आधी पाणी चढायचं, आणि नळीचं टोक उघडं पडलं की मागोमाग हूडकडची हवा.

आता खालच्या गोळ्यांचं काय होत असेल ते सांगायला नको. तापलेल्या ॲल्युमिनाच्या गोळीवर गार पाणी पडलं की ती तडकते. हायड्रोजन नसताना गरम निकेलवर वाफ आणि हवा आली की त्याचं ऑक्साइड होतं. सकाळी आम्ही थेट गॅस सुरू करून ३२० वर जायचो, आणि झालेलं ऑक्साइड तेवढ्यात पुरतं मोडत नाही. त्याला चारशेच्या वर हायड्रोजन लागतो. वरचे चार सेंटिमीटर पाण्यापासून लांब होते म्हणून वाचत होते, आणि म्हणूनच पाणी ६.९ वर येऊन थांबत होतं. थर उपसला तेव्हा खालच्या गोळ्या चिमटीत धरल्या की भुगा होत होत्या, वरच्या शाबूत.

पाहुण्यांना दाखवायला दोन-दोन तासांच्या खेपा केल्या, तेव्हा हे कधी घडलं नाही. का, तेही आता कळलं. दोन तासांत भांड्यात १८ ग्रॅमच पाणी जमतं, ते नळीच्या टोकापर्यंत पोचत नाही. पूर्ण दिवस चालवला की सत्तर ग्रॅम, आणि टोक बुडतं.

उपाय आता. सगळ्यात आधी भांड्यातली नळी चार सेंटिमीटरनी कापली. आता दिवसभराचं पाणी जमलं तरी टोक कोरडं राहतं. शिवाय दिवसात मध्येच भांडं एकदा रिकामं करतो. कंडेन्सर आणि भांडं यांच्यामध्ये एनआरव्ही, म्हणजे एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवला. फक्त एनआरव्हीवर भरवसा ठेवू नका. छोट्या दाबफरकाला तो नीट बसत नाही आणि ओल्या गॅसमध्ये चिकटतो. खरा उपाय बंद करण्याच्या क्रमात आहे.

तो क्रम आता असा. आधी कार्बन डायऑक्साइड बंद. फर्नेस ३२० वर तशीच, हायड्रोजन दहा मिनिटं चालू. याने नळीतला उरला कार्बन डायऑक्साइड संपतो, वाफ झाडून निघते, आणि निकेल हायड्रोजनमध्ये स्वच्छ राहतं. मग फर्नेस बंद आणि हायड्रोजनच्या जागी नायट्रोजन, मिनिटाला २०० मिलीलिटर. थर ५० अंशांच्या खाली येईपर्यंत नायट्रोजन चालू ठेवायचा. आमच्याकडे तीन तास लागतात, म्हणून आता फर्नेस तीनलाच उतरवतो. शेवटी बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करून नायट्रोजनचा किंचित दाब आत ठेवायचा. सकाळी गेजवर तो दाब दिसला की गळती नाही हेही कळतं.

कार्बनवाले गॅस आधी काढून टाकण्याचं आणखी एक कारण आहे, ते जिवाशी संबंधित आहे म्हणून नीट वाचा. साबातिए रिॲक्टरमध्ये थोडा कार्बन मोनॉक्साइड तयार होत असतो. २०० अंशांच्या खाली निकेल आणि मोनॉक्साइड एकत्र आले की निकेल कार्बोनिल बनू शकतं. हा पदार्थ लुडविग माँड यांनी १८९० मध्ये शोधला आणि त्यावर निकेल शुद्ध करण्याची पद्धत उभी केली, पण तो अतिशय विषारी आहे, हवेत अगदी थोडा असला तरी. म्हणून निकेलचा थर कार्बनवाल्या गॅसमध्ये गार करायचा नाही, आणि सकाळी २०० च्या खाली त्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा नाही. हूड चालू असल्याशिवाय नळी उघडायची नाही. काढलेला निकेल कॅटॅलिस्ट हवेत पेटतो हेही विसरू नका. आधी नायट्रोजनमध्ये एक टक्का ऑक्सिजन मिसळून सावकाश निववून घ्या, मगच उपसा.

सकाळचा क्रम उलटा: आधी नायट्रोजनने हवा हाकलायची, कारण हवेत हायड्रोजन ४ पासून ७५ टक्क्यांपर्यंत पेट घेतो. मग हायड्रोजनमध्ये २८० पर्यंत तापवायचं, आणि मगच कार्बन डायऑक्साइड, तोही दहा-दहा मिलीलिटरच्या पायऱ्यांनी. एकदम शंभर सोडला तर चटका ५०० च्या पुढे जातो आणि निकेलचे बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे होतात. ते नुकसान हायड्रोजनने भरून निघत नाही.

आधीचा थकलेला थर वाचवायचा असेल तर ४५० अंशांवर शुद्ध हायड्रोजन तीन तास द्या. आमच्या तिसऱ्या भरण्यावर हे करून पाहिलं, पाणी ६.९ वरून ८.२ वर आलं. म्हणजे बरंचसं निकेल फक्त ऑक्साइड झालं होतं, मेलं नव्हतं. भुगा झालेल्या गोळ्यांचं मात्र काही करता येत नाही, आणि त्या भुग्याने दाब वाढतो.

रचनेतही एक बदल केला, तो मूळ दोषाशी संबंधित नाही, पण रेघ डोळ्यांसमोर असल्यावर राहवलं नाही. वरच्या चार सेंटिमीटरात कॅटॅलिस्टमध्ये तेवढ्याच साध्या ॲल्युमिनाच्या गोळ्या मिसळल्या. उष्णता लांबवर पसरली आणि चटका ४८० वरून ४३० वर आला. मोठ्या रिॲक्टरमध्ये हेच काम बारीक नळ्यांचा जुडगा, बाहेरून तेल किंवा उकळतं पाणी, नाहीतर बाहेर पडलेला गॅस थोडा परत फिरवून केलं जातं. हेतू एकच: वर फार तापू द्यायचं नाही आणि खाली पुरेसं थंड, जिवंत शेपूट ठेवायचं. निकेलऐवजी रुथेनियम वापरलं तर अभिक्रिया कमी तापमानाला सुरू होते आणि शेपूट आणखी थंड ठेवता येतं, पण खिशाला निकेलच परवडतं.

हायड्रोजन कमी पडू देऊ नका. सिलिंडर संपत आला आणि प्रमाण चाराच्या खाली गेलं की कार्बनची काजळी धरायला लागते. काही जण मुद्दाम त्या दिशेला जातात. बॉश अभिक्रियेत एका कार्बन डायऑक्साइडला दोनच हायड्रोजन लागतात आणि मिथेन न होता काळा कार्बन आणि पाणी मिळतं, म्हणजे हायड्रोजन वाया जात नाही. पण ती लोखंडासारख्या कॅटॅलिस्टवर ४५० ते ६०० अंशांना आणि वर चालते, एका फेरीत थोडंच रूपांतर होतं, आणि कार्बन रिॲक्टरमध्येच साठून वाट बुजवतो. आमच्या बारा सेंटिमीटरच्या थरात तो प्रयोग करायची माझी तयारी नाही.

नवा क्रम लागू करून आता एकतीस खेपा झाल्या. कालचा आकडा ८.७. पहिल्या दिवशी याच भरण्याला ८.९ होता. या दोन दशांशांपैकी एक दुपारी जेवणाच्या सुट्टीत बर्फ वितळतो त्याचा आहे, ते एक ते दोनच्या तासाचं वजन वेगळं काढल्यावर दिसलं. उरलेला एक कुठे जातो ते प्रोफाइल सांगेल. उद्या सकाळी पुन्हा बारा आकडे घ्यायचे आहेत, आणि संध्याकाळी ते काकांना दाखवायचे आहेत.